माझ्या खोकल्याचा गुण

आमच्या घरमालकीणबाईंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'सत्तावीस' होतो. माझ्या मोबाइल नंबरातले शेवटचे दोन आकडे. माझी बायको 'त्रेसष्ट'. समोरच्या जोशीकाकांसारख्या माणसालाही त्या जिन्यातून खणखणीत आवाजात "काय शून्य आठ, आज लवकर?" असं विचारायच्या आणि काका ओशाळून हसायचे. बाईंनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली होती. नावं बदलतात, लग्नानंतर बायकांची तर हमखास बदलतात, नंबर मात्र माणसाला चिकटून राहतो, असं त्यांचं म्हणणं.

डोंबिवलीत, मानपाडा रोडपासून आत, एकाच मजल्यावर त्यांचे दोन शेजारशेजारचे फ्लॅट होते. एकात त्या एकट्या राहायच्या, दुसऱ्यात आम्ही दोघं भाड्याने. मधली भिंत पातळ होती आणि बाईंचे कान तिखट होते. आमच्यात रात्री भांडण झालं की सकाळी दार उघडताच निकाल मिळायचा. "सत्तावीस, काल त्रेसष्टचं बरोबर होतं. सासूबाईंना फोन तुम्ही करायला हवा होता." सुरुवातीला मला राग यायचा. एकदा धीर करून म्हणालो, "बाई, दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये." त्या शांतपणे म्हणाल्या, "ऐकण्याचीच पेन्शन खाते मी."

त्यांचं दुसरं खूळ तीन मिनिटांचं. जुन्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे येऊन विचारायची. बाई निवृत्त झाल्या तरी ती सवय निवृत्त झाली नाही. कोणीही भेटायला आलं की थोड्या वेळाने त्या विचारत, "तीन मिनिटं झाली, वाढवायची आहेत?" पाहुण्याकडे धड कारण नसलं की दार लागायचं. सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी असंच अर्ध्या वाक्यावर कापलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही. "एवढी लग्नं जोडून दिली फोनवर, आणि एवढी मोडताना ऐकली, पुरे झालं," एवढंच त्या सांगायच्या.

आता माझ्याबद्दल. मी एमआयडीसीतल्या एका फिनेलच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे फरशी पुसायचं जे पांढरं पाणी तुम्ही विकत घेता, ते जंतू मारतं की नुसतं वास मारतं, हे बघायचं काम माझं. एरवी या नोकरीचा कोणावर फारसा प्रभाव पडत नाही. लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी पाहुण्यांना "केमिकल लाइनमध्ये आहेत" एवढंच सांगितलं होतं. पण कोविड आला आणि मी एकदम तज्ज्ञ झालो. अख्खं शहर बंद असताना माझ्याकडे कामावर जायचा पास होता. संध्याकाळी परत येऊन मी बिल्डिंगच्या खाली उभा राहून, सहा फुटांवरून, लोकांना निर्जंतुकीकरण समजावून सांगायचो. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचो. वर्तमानपत्राला इस्त्री करायचो. बायको म्हणाली, "पेपर मी वाचते, तू फक्त इस्त्री करतोस."

त्याच सुमाराला बाईंच्या मानेत गाठ आली. आधी एक, मग काखेत दुसरी. ठाण्याच्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. स्कॅनमध्ये पोटातही गाठी दिसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, औषधाला हा प्रकार बरेचदा चांगली दाद देतो, पण केमो घ्यावी लागेल. लॉकडाऊनच्या गोंधळात तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी सोमवार ठरला.

बाईंनी हे सगळं गॅलरीत खुर्ची टाकून मला सांगितलं. आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मधे फक्त लोखंडी जाळी होती. "आमच्या घराण्यात कोणाला कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "राँग नंबर लागलाय." आणि मग बराच वेळ आपल्या वेणीचं टोक चाळवत बसल्या. सत्तरी जवळ आली तरी त्यांची वेणी कमरेपर्यंत होती, पांढरी स्वच्छ. कॅन्सरपेक्षा त्यांना त्या वेणीची काळजी जास्त वाटतेय, असं मला वाटलं. नंतर कळलं की त्यांना दोन्हीची भीती सारखीच वाटत होती, फक्त एकीबद्दल बोलता येत होतं.

बाईंचं रक्षण हे मी माझं कर्तव्य मानलं. मजल्यावरच्या पॅसेजमध्ये खडूने रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे बाईंच्या दाराकडे कोणी जायचं नाही. भाजीवाल्याला मी परत पाठवलं, शून्य आठना दम दिला. बाई दार किलकिलं करून माझा पहारा बघायच्या आणि म्हणायच्या, "सत्तावीस, मला कॅन्सर झालाय, मी तुरुंगात गेलेली नाही."

केमोच्या आधीच्या शनिवारी कारखान्यात एक गंमत झाली. फिनेलच्या नव्या बॅचला पाईनचा वासच येईना. मी तीन वेळा हुंगलं. वास शून्य. मी बॅच नापास केली, सुगंधी द्रव्य पुरवणाऱ्याला फोन करून झाप झाप झापलं, आणि कामाला चोख असल्याच्या समाधानात घरी आलो. संध्याकाळी गॅलरीत जाळीशी बसून बाईंना सोमवारी काय काय न्यायचं ते वाचून दाखवलं. घसा थोडा खवखवत होता. दोन-चारदा खोकलोही. बाईंनी जाळीवरून वाटीभर आमटी दिली. मी ती खाल्ली आणि आत जाऊन बायकोला म्हणालो, "बाईंचं वय झालं गं. आमटीला काही वास नाही, चव नाही."

बायकोने वाटी नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच तोंडावर पदर धरून मागे सरकली.

तिला सौम्य झाला, मला बऱ्यापैकी. आणि सोमवारी केमोला जायच्या ऐवजी मंगळवारी बाई तापाने फणफणून कल्याणच्या एका कोविड वॉर्डात गेल्या. पॅसेजमधून जिन्याकडे नेताना त्यांचा पाय खडूच्या रेघेवर पडला आणि ती पुसली गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. बाहेर यायची मला परवानगी नव्हती. माझा जुना मोबाइल तेवढा मी पिशवीत घालून बायकोकरवी अँब्युलन्समध्ये दिला होता.

पुढचे दिवस मी बेडरूममध्ये कोंडून होतो. तापापेक्षा विचार वाईट होते. अख्ख्या डोंबिवलीत ज्या एका बाईला मी सगळ्यांपासून वाचवत होतो, तिला मी स्वतः खोकून मारणार होतो. पहिले काही दिवस त्या फोनवर बोलल्या, धापा टाकत, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत ठेवून दिला. मग फोन उचलेनातच. हॉस्पिटलात फोन केला तर "ऑक्सिजनवर आहेत, स्टेबल आहेत" एवढंच. स्टेबल या शब्दाचा मी शंभर बाजूंनी अर्थ लावला. बायको दाराबाहेरून म्हणायची, "रडतोयस का?" मी म्हणायचो, "वाफ घेतोय."

आणि एका दुपारी मी सवयीने नंबर लावला आणि पलीकडून कोरडा, करकरीत आवाज आला. "लाइन बिझी आहे. नंतर करा." कट.

मी बेडरूममध्ये एकटाच नाचलो आणि चक्कर येऊन पलंगावर बसलो.

लाइन खरंच बिझी होती. वॉर्डात बरेच म्हातारे होते, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. कोणाचा मोबाइल बंद पडलेला, कोणाला चालवता येत नव्हता. श्वास जरा सुधारल्यावर बाईंनी माझ्या जुन्या मोबाइलवर एक्स्चेंज सुरू केलं. ज्याला त्याला घरचा नंबर विचारायचा, लावून द्यायचा, आणि वेळ झाली की फोन काढून घेऊन पुढच्या पलंगावर. एक सिस्टर मला नंतर म्हणाली, "त्यांच्या शेजारच्या आजोबांना बोलायला दम नव्हता. तर काकूंनीच त्यांच्या मुलीला सांगितलं, बोला, ते ऐकतायत, मी लाइनवर आहे. पंधरा-वीस मिनिटं त्यांच्या कानाला फोन धरून उभ्या होत्या. आजोबा गेले त्याच दिवशी." बाईंनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही.

घरी आल्या तेव्हा त्या निम्म्या झाल्या होत्या. आठवडाभर झोपूनच होत्या. मग एक दिवस गॅलरीच्या जाळीतून म्हणाल्या, "सत्तावीस, जरा इकडे या. मानेला हात लावून बघा." मी हातमोजे घालून गेलो. त्यांनी ते काढायला लावले. कानाखाली, जिथे आवळ्याएवढी गाठ होती, तिथे नुसती सुरकुतलेली मऊ कातडी.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"मला काय विचारता? तुमच्या हाताखाली होती."

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन बघितला, जुना बघितला, पुन्हा नवा बघितला आणि मग त्यावरचं नाव तपासलं. "हॉस्पिटलात स्टिरॉइड दिली होती का? त्यानेही गाठी दबतात." नव्हती दिली, तेव्हा अजून ती सर्रास सुरू झाली नव्हती. "केमोचा एखादा डोस?" तोही नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "असं क्वचित होतं. फार क्वचित. विषाणूशी लढायला शरीराची फौज जागी होते, आणि त्या गडबडीत कॅन्सरच्या पेशींनाही झोडपते, असा एक अंदाज आहे. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. आणि हे टिकेलच असंही नाही. आपण बघत राहू. गाठ जाणवली की त्याच दिवशी यायचं." मग सहज विचारलं, "कोविड कुठून झाला होता?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याकडून. शनिवारी संध्याकाळी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात मला आदर दिसला. बायको म्हणते, तो तुझा भास होता.

झालं. बाई मला सोसायटीत ओळख करून द्यायला लागल्या, "हे माझे डॉक्टर. ह्यांच्या खोकल्याचा मला गुण आला." त्यांनी हे थट्टेने म्हणायला सुरुवात केली. मी ते गंभीरपणे ऐकायला सुरुवात केली. इतके दिवस अपराधी वाटून घेतलेला माणूस सुटला की फार सुटतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी ही गोष्ट सांगितली, मग पुन्हा सांगितली, मग लोक आपणहून विचारायला लागले. दर वेळी गाठ थोडी मोठी व्हायची. आधी आवळ्याएवढी, मग लिंबाएवढी, दिवाळीपर्यंत मोसंब्यापर्यंत गेली होती. माझ्या रोगप्रतिकारशक्तीतच काही विशेष असावं, असंही मी एकदा बोलून गेलो. एका लग्नात मी चार अनोळखी लोकांना हे सांगत असताना बायकोने माझ्या पानात जिलबी वाढली आणि सर्वांसमोर विचारलं, "पण तू नक्की केलंस काय? खोकलास."

वर्ष उलटलं. एका रविवारी सकाळी दारावर माझ्याच वयाचा एक माणूस उभा. हातात प्लॅस्टिकची जाड पिशवी. वर्तकनगरहून आलेला. आमच्या डिस्पॅचमधल्या एकाचा मेव्हणा. "दादा, तुमचंच नाव सांगितलेलं त्याने," तो म्हणाला. "ते खोकलेवाले तुम्हीच ना?"

मी छाती फुगवून हो म्हणालो.

त्याच्या बायकोला ब्लड कॅन्सर निघाला होता. तिशीतली बाई. डॉक्टर म्हणत होते ट्रीटमेंट आहे, लगेच सुरू करा. पण तिने तिच्या आत्याला केमोत बघितलेलं, ती तयार होईना. तारीख द्यायचे, हे जायचेच नाहीत. आणि मग मेव्हण्याने माझी गोष्ट सांगितली.

"दादा, आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर एकाला झालाय कोविड," तो खाली बघत म्हणाला. "घरातच आहे. तर मी काय म्हणतो, तिला त्यांच्याकडे डबा द्यायला पाठवू का रोज? म्हणजे होईल ना तिला? तुम्ही सांगा, किती वेळ बसवू?"

मला अजून आठवतं, माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो मी खाली ठेवू शकलो नाही. "नाही म्हणजे," मी म्हणालो. "तसं नाही. म्हणजे ते..." एरवी अर्धा तास चालणारी माझी गोष्ट, आणि तिच्यातलं एक वाक्य कामाला येईना. तो माझ्याकडे अशा आशेने बघत होता की मला पळून जावंसं वाटलं. फिनेलवाला मी. ह्या माणसाने बायकोचा जीव माझ्या हातात आणून ठेवला होता.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. दार उघडलं, आमचं दार ढकललं गेलं, आणि बाई आत आल्या. सगळं ऐकलेलंच होतं, त्यामुळे सांगायची गरज नव्हती.

"हात धुतलेत?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"हो काकू."

"मग इथे लावा. कानाखाली. लाजू नका, तुमच्या आईच्या वयाची आहे मी."

त्याने बोटं टेकवली आणि चटकन मागे घेतली. "गाठ आहे," तो म्हणाला.

"दोन महिने झाले," बाई म्हणाल्या. "परत आलीय."

मी कप खाली ठेवला. "बाई, तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही किती आनंदात होता," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. मग त्या त्या माणसाकडे वळल्या. "त्या कोविडने माझ्या शेजारच्या पलंगावरचे आजोबा गेले. समोरची बाई गेली, तिला तर कॅन्सरही नव्हता. मी वाचले आणि वर गाठी गेल्या, हे का झालं ते माझ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ह्यांना तर नाहीच नाही. आणि खरं सांगू? डॉक्टर म्हणाल्या होत्या गाठ दिसली की त्याच दिवशी या. मी दोन महिने बसून राहिले. वाटलं, एकदा आपोआप गेली तर पुन्हा जाईल. मी पण घाबरतेच हो. माझी वेणी बघा."

तो माणूस रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "बायकोचा नंबर सांगा."

आपल्या लँडलाइनवरून त्यांनी तिला फोन लावला. आम्ही दोघं बाहेर पॅसेजमध्ये उभे राहिलो. दार उघडंच होतं, पण मी, जन्मात पहिल्यांदा बाईंच्या उलट वागत, ऐकायचं नाही असं ठरवलं. तरी तुकडे कानावर येत होते. मधे बराच वेळ बाई काही बोलतच नव्हत्या, नुसतं "हं, हं" चाललं होतं. एकदा हसल्या. एकदा त्यांचा आवाज फुटला. माझा चहा गार झाला, बायकोने नवा केला, तोही गार झाला. त्या दिवशी तीन मिनिटांचा विषय निघाला नाही. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बुधवारी दोघी जातोय. एकोणनव्वद चांगली मुलगी आहे. तिला डबाबिबा घेऊन कुठे पाठवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन मानेला हात लावून हसल्या.

माझी गोष्ट रंगवून सांगायची खोड त्या रविवारी मोडली, म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो. दोघींच्या केमो पार पडल्या. रोग वेगळे, औषधं वेगळी, पण तारखा बाईंनी डॉक्टरीणबाईंशी भांडून शक्य तितक्या जुळवून घेतल्या. दोघींचे स्कॅन चांगले आले आणि आजपर्यंत चांगले आहेत. बाई अजून जिन्यात माणसांना आकड्यांनी हाका मारतात. एकोणनव्वद कामावर परत जाते. केमोच्या दिवशी मी रजा टाकून बरोबर जायचो, पिशवी धरायचो आणि गप्प बसायचो. शेवटच्या डोसानंतर मी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं की मग त्या कोविडचा काहीच उपयोग झाला नाही का? त्या म्हणाल्या, "वर्षभर त्या खाऊनपिऊन दणकट राहिल्या, त्यामुळे औषध झेपलं. तेवढं श्रेय हवं तर घ्या." मी घेतलं. बायकोला मात्र सांगितलं नाही.

सांगायचं राहिलं ते हळदीकुंकवाचं. शेवटची केमो होऊन आठ-दहा दिवस झाले होते, स्कॅन अजून व्हायचा होता. बाईंनी वेणी पहिल्या डोसाआधीच स्वतः कापून टाकली होती. आता दोघींच्या डोक्यावर एक केस नव्हता. एकोणनव्वद घराबाहेर पडायचीच बंद झाली होती. आणि माझ्या बायकोच्या डोक्यात आलं की यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं आणि दोघींना बोलवायचं.

"मला?" बाई दारात म्हणाल्या. "अहो त्रेसष्ट, माझं लग्न झालेलं नाही. मला आजवर कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "पाच वाजता या."

बायकांना लुटायचं वाण आणायचं काम माझ्याकडे होतं. मी कल्याणच्या बाजारात जाऊन, भाव करून, रंगीत कागदात गुंडाळलेलं वाण घेऊन आलो. काही वेगळं आणि उपयोगी आणायचं म्हणून फार विचार केला होता. संध्याकाळी मला बेडरूममध्ये बसवलं, कारण पुरुषांचं तिथे काम नव्हतं. दार किंचित उघडं होतं. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, मग एकोणनव्वद आली, डोक्याला घट्ट ओढणी गुंडाळून, भिंतीला धरून. आणि मागून बाई आल्या. नवी इरकली साडी, आणि डोकं उघडं, तेल लावल्यासारखं चकचकीत. बाई सरळ मधल्या खुर्चीवर बसल्या. एकोणनव्वदने त्यांच्याकडे बघितलं आणि थोड्या वेळाने आपली ओढणी सोडून मांडीवर ठेवली.

माझी बायको कुंकवाचा करंडा घेऊन बाईंसमोर वाकली आणि थबकली. कपाळ कुठे संपतं तेच कळेना.

"लावा हो कुठेही," बाई म्हणाल्या. "आज जागेला तोटा नाही."

हसणं फुटलं, बायका डोळे पुसायला लागल्या, तिळगूळ फिरला, आणि बायकोने वाणाचं तबक पुढे केलं. कोणीतरी कागद सोडला. त्या क्षणी आतल्या खोलीत मला आठवलं मी काय आणलंय, आणि मी उशीत तोंड घातलं.

कंगवे. प्रत्येकीला एक.

मी एका डोळ्याने दाराच्या फटीतून बघितलं. एकोणनव्वद आपल्या हातातल्या हिरव्या कंगव्याकडे बघत होती, तोंड वाकडं व्हायच्या बेतात. बाईंनी आपला कंगवा उजेडात धरला, त्याचे दात अंगठ्याने एकदा छेडून बघितले.

"सत्तावीस!" त्यांनी हाक मारली. "हे तुम्ही आणलंत?"

"हो बाई," मी उशीतून म्हणालो.

त्यांनी पर्स उघडली, कंगवा कागदात पुन्हा नीट गुंडाळून आत ठेवला आणि शेजारी बसलेल्या मुलीलाही तसंच करायची खूण केली.

"ठेव," त्या तिला म्हणाल्या. "लागेल."